तेवीस किलो, दोन लिटर

‘वाइन प्यायला एवढ्या लांब? आणि तीही एकटी?’

आईने दोन्ही प्रश्न एका दमात विचारले. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे पाठ होतं. माती, हवा, शेकडो वर्षांची परंपरा वगैरे वगैरे. दुसऱ्याचं नव्हतं. कारण मूळ प्लॅन दोघींचा होता. तीन वर्षं आम्ही ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत पैसे साठवले आणि तिकिटं काढायच्या आठवड्यातच मैत्रिणीला ऑनसाइट मिळालं. पार्टी तिने दिली, प्लॅन माझ्या गळ्यात! दोन दिवस रुसून बसले, मग म्हटलं, एकटी तर एकटी. येत्या सप्टेंबरात चौदा दिवस. सहा दिवस पोर्तुगालमधलं पोर्तो आणि दोरो नदीचं खोरं, मग आठ दिवस फ्रान्समधलं बोर्दो.

पण आईचा प्रश्न खरं तर वाइनचा नव्हता. आमच्या घरात ‘दारू’ हा शब्द हळू आवाजातच उच्चारला जातो. मोठे काका गेले तेव्हा मी नववीत होते. कशाने गेले हे सगळ्यांना माहीत होतं, बोललं कुणीच नाही. त्यामुळे आईच्या लेखी वाइन, व्हिस्की, देशी, सगळं एकच. तिला गुगलवरचे फोटो दाखवून काहीही होणार नव्हतं. म्हणून फेब्रुवारीत तिला घेऊन सरळ नाशिक गाठलं. तेव्हा तिथे द्राक्षांची काढणी ऐन भरात असते. टेस्टिंगच्या टेबलावर ती माझ्या शेजारी लिंबू सरबत घेऊन बसली. आधी रंग बघा, ग्लास फिरवा, वास घ्या, छोटा घोट तोंडात घोळवा आणि हवं तर समोरच्या भांड्यात थुंका, असं तिथला मुलगा समजावत होता.

‘थुंकायचीच असेल तर घ्यायची कशाला?’ आईने अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं विचारलं.

मी म्हटलं, अगं, चव कळण्यासाठी. चव जिभेवर आणि नाकात असते, पोटात नाही. ती गप्प झाली. परतीच्या गाडीत, कसारा घाटात, खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, ‘त्यांना कोणी थुंकायला शिकवलं नाही.’ काकांबद्दल ती माझ्याशी इतकं कधीच बोलली नव्हती. पुढे दोघीही काही बोललो नाही. पण घरी पोचल्यावर तिने विचारलं, तिकडे थंडी असते का गं?

परमिशन ग्रँटेड! आता व्हिसा.

शेंगेन व्हिसाचा फंडा असा, की ज्या देशात जास्त दिवस राहणार, अर्ज त्या देशाकडे करायचा. म्हणजे माझा फ्रान्सकडे. फी ९० युरो (जून २०२४ मध्ये वाढली), वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे. कमीत कमी ३० हजार युरोचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी उशिरात उशिरा १५ दिवस आधी. सप्टेंबरला जायचं असेल तर मेमध्येच हात-पाय हलवा, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते. तुम्हा नोकरदार मंडळींचं सोपं आहे हो. सॅलरी स्लिपा, एचआरचं पत्र, मंजूर रजेचा अर्ज, झालं काम. फ्रीलान्सरने काय द्यायचं? माझी रजा मीच मंजूर करते! तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, कामाची बिलं आणि ‘मी नक्की परत येईन, माझी आई इथे आहे’ अशा अर्थाचं दोन पानी पत्र जोडलं. त्यात एका क्लायंटने पाच महिन्यांचं पेमेंट अडकवलेलं, त्यामुळे स्टेटमेंटमधला एप्रिल बघून मलाच माझी दया आली. व्हिसा मिळाला तेव्हा केंद्राबाहेरच्या टपरीवर कटिंग मारला. तेवढंच सेलिब्रेशन.

इन्शुरन्सची बारीक अक्षरं मात्र वाचाच. दारूच्या अमलाखाली झालेल्या अपघाताचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. वाइन टूरला निघालेल्या माणसासाठी हे सॉलिड क्लॉज आहे. सोबत कोणी नसताना तर जास्तच. हॉटेलवर नेणारं कोणी नाही, ‘बास कर आता’ म्हणणारंही कोणी नाही. हिशेब करून बघा. एका टेस्टिंगला पाच-सहा वाइन्स, प्रत्येकी ३०-४० मिली. दिवसात अशा दोन ठिकाणी गेलात आणि सगळं गिळलंत तर अर्ध्या बाटलीच्या वर जाता. पोर्ट तर आणखी अवघड. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालतात, त्यामुळे ती गोड लागते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्के. साध्या वाइनच्या जवळजवळ दीडपट. म्हणून माझा नियम ठरला आहे. दिवसाला दोनच टेस्टिंग्ज, दुसरं चारच्या आत संपवायचं आणि दोन्हीकडे थुंकायचं. बाथरूमच्या बेसिनसमोर पाण्याने प्रॅक्टिस चालू आहे. हसू नका, नीट धार पडायला आठवडा लागला.

गाडी भाड्याने घेण्याचा प्रश्नच नव्हता. सुदैवाने द्राक्षमळे रेल्वेला चिकटून आहेत. पोर्तोहून दोरोच्या खोऱ्यातल्या पिन्यावपर्यंत ट्रेनने अडीच तास लागतात. जाताना उजवीकडची खिडकी पकडायची, कारण तासाभरानंतर नदी त्या बाजूला येते आणि मग सोडतच नाही. हे खोरं म्हणजे १७५६ साली सरकारने हद्द आखून दिलेला वाइनचा प्रदेश, जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. डोंगर कापून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांवर वेली. बोर्दोहून सेंट एमिलियन ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. पण स्टेशनवरून गावात जायला दीडेक किलोमीटर चालायचं, आणि गाव म्हणजे उतरणीच्या दगडी गल्ल्या. इथेच माझ्या ब्लॉक हील्सचा निकाल लागला. बॅग बोर्दोच्या हॉस्टेलवर आणि मी स्पोर्ट्स शूजमध्ये.

आणि मेल करा, मेल! नाशिकसारखं रविवारी सकाळी ठरवून दुपारी पोचलो, असं तिथे चालत नाही. बरीच शातो अपॉइंटमेंटशिवाय दार उघडत नाहीत, कित्येक रविवारी बंद. शिवाय सप्टेंबर हा त्यांचा काढणीचा महिना. बघायला झकास, पण छोट्या शेतकऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ कुठला? मी अकरा ठिकाणी लिहिलं, चौघांची उत्तरं आली. त्यातल्या एका बाईंनी लिहिलं, सकाळी आठला ये, त्यानंतर मी वेलींमध्ये असेन. एकटीसाठी टेबल मिळेल का, हे विचारताना मला उगाचच अवघडल्यासारखं होत होतं. त्यांना काहीच वाटलं नाही.

आता बॅग. गडद रंगाचे कपडे, कारण थुंकताना नेम चुकतोच. तळघरात १२-१४ डिग्री आणि बाहेर दोरोत तिशीच्या वर ऊन, म्हणून एक जाड ओढणी. परफ्यूम, बॉडी स्प्रे, वासाचं हँड क्रीम घरीच, कारण तुमच्यासकट शेजारच्यांच्याही वाइनचा वास त्याने मरतो. आणि टेस्टिंगच्या तोंडावर दात घासायचे नाहीत. टूथपेस्टने चव बिघडते.

‘वास नको’ म्हटल्यावर आईने शांतपणे मेतकूट, हिंग घातलेली चटणी आणि साजूक तुपाची बरणी बॅगेत ठेवली. मेतकूट तिहेरी पिशवीत राहिलं. तूप मात्र बाहेर काढावं लागलं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढेही नाहीत. कढीपत्तासुद्धा नाही, त्याला झाडांचे नियम लागतात. ‘दारू आणलेली चालते, तूप नेलेलं चालत नाही,’ आई म्हणाली. यावर काय बोलणार?

आणलेलीही किती चालते? भारतात परतताना ड्यूटी फ्री दोन लिटर. म्हणजे ७५० मिलीच्या दोन आणि एक हाफ बॉटल. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची, आणि बहुतेक विमानतळांवर हँडबॅगेत १०० मिलीच्या वरचं पातळ काही नेता येत नाही, तेव्हा सगळं चेक-इनमध्ये. पोर्तो ते बोर्दो स्वस्तातलं विमान घेतलं आहे, त्यात जास्तीच्या बॅगेला वेगळे पैसे. म्हणून पोर्तुगालमध्ये फक्त हाफ बॉटल घ्यायची, बाकी खरेदी शेवटच्या दोन दिवसांत. बाटल्यांच्या खास पॅडेड पिशव्या मिळतात, महाग असतात. आईने जुन्या सुती साडीचे चार तुकडे करून दिले. कारणही सांगितलं, ‘फुटली तर तुझ्या कपड्यांना डाग नकोत.’ ती साडी मी लहानपणापासून बघत आले आहे.

रात्री ट्रायल म्हणून बॅग भरून बाथरूमच्या काट्यावर उभी केली. साडेपंधरा किलो. लिमिट तेवीस.

‘म्हणजे अजून साडेसात आहेत,’ आई म्हणाली आणि चकल्यांचा डबा शोधायला आत गेली.