हापसा कोणाच्या दारी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले दोन वर्षांचे एक लेकरू जुलाबाने गेले. संध्याकाळी जुलाब सुरू झाले. जुलाबात पाणी पाजू नये, असे आईला कोणीतरी सांगितले होते, म्हणून त्या माउलीने रात्रभर त्याचे पाणी तोडले. सकाळी दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच त्याने मान टाकली.

अंत्यविधीहून परतल्यावर माणसे बुद्धविहारात जमली. कोणी नळाच्या पाइपाला दोष दिला, कोणी पुढाऱ्यांना, कोणी डॉक्टरांना. पाइप गटारातून जातो हे खोटे नव्हते. पण मीठ-साखरेचे पाणी पाज, एवढे सांगणारे एकही माणूस त्या रात्री आमच्या चाळीस घरांत निघू नये, हा दोष कोणाचा? त्या चाळीस घरांत माझेही घर आहे. मी बी.कॉम. झालेला, कचेरीत कारकुनी करणारा, 14 एप्रिलला माइकवर बोलणारा माणूस. भिंतीपलीकडे लेकरू जात होते आणि मी झोपलो होतो.

आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या दिवशी म्हणाले, "भाषणे पुष्कळ झाली. एकदा जामखेडला जाऊन या." मी रजा टाकली. पत्नी महिला मंडळाचे काम पाहते. ती म्हणाली, "तुम्ही एकटे जाऊन काय कराल? तिथल्या बाया तुमच्याशी काय बोलणार? मी येते." 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्नही फारसा राहिला नाही.

पुण्याहून नगर, नगरहून कडा, आष्टी करीत गाडी जामखेडला जाते. वाटेत ती बीड जिल्ह्यात शिरते आणि पुन्हा नगर जिल्ह्यात येते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यातले. मुलूख कमी पावसाचा. ज्वारीची राने, बांधावर बाभळी, मध्येच कोरडा ओढा. असल्या भागात 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येऊन राहिले.

दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आधी त्यांनी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की, बरी करून पाठवलेली माणसे काही दिवसांनी त्याच दुखण्याने परत येतात. दुखणे दवाखान्यात बरे होत होते, पण जन्मत होते गावात. घाण पाण्यात, अर्धपोटी राहण्यात, अज्ञानात. मग ते अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले आणि जामखेडला त्यांनी काम उभे केले.

त्यांनी प्रथम शिकलेल्या नर्सबाईंना गावात पाठवून पाहिले. गावाने त्यांना आपले मानले नाही. तेव्हा गावाने आपल्यातलीच एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. बहुतेक बाया निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि शिकून परत जात. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, लेकराचे वजन, जुलाब, खोकला, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, असे सगळे त्या शिकल्या.

पण एकट्या बाईवर सगळा भार टाकला नव्हता. गावातल्या पुरुषांची शेतकरी मंडळे झाली, बायकांची महिला मंडळे झाली. विहिरी, हापसे, शोषखड्डे, झाडे ही कामे मंडळांनी उचलली. दवाखान्याचे पथक ठरल्या दिवशी गावात येई आणि अवघड रोगी जामखेडला नेई. डॉक्टरने डॉक्टरचे काम करावे, गावाने गावाचे, आणि दोघांच्या मध्ये ती आरोग्य सेविका उभी राहावी, अशी ती वाटणी.

तिचे फळ आकड्यांत दिसते. 1971 च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती. 1990 च्या दशकात हा आकडा 30 च्या आत आला. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत 2011 मध्ये गेले. काम मात्र चालू आहे. देशोदेशीची माणसे ते शिकायला जामखेडला येतात.

हे सगळे ठीक. पण ज्या गोष्टीने आम्ही दोघे थबकलो, ती वेगळीच आहे. 1972 च्या दुष्काळात गावोगाव बोअर घेण्याचे काम निघाले. बोअर कुठे पाडायचे? गावाच्या रिवाजाप्रमाणे जागा पाटलाच्या वाड्यासमोर निघाली असती, आणि आपल्या बाया हंडा घेऊन लांब उभ्या राहिल्या असत्या, कोणी पाणी वाढील म्हणून. आरोळ्यांनी पाणी पाहणाऱ्या जाणकाराला आधीच सांगून ठेवले की, जागा दलित वस्तीत पाहा. पाणी तिथे लागले, हापसा तिथे बसला. मग ज्यांना पाणी हवे होते, ते सारे गाव दलित वस्तीत आले. त्यावर भाषण झाले नाही, मोर्चा निघाला नाही. तहान लागली होती, म्हणून माणसे आली.

महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी. तिथे आपला माणूस तळ्यापर्यंत चालत गेला. इथे 45 वर्षांनी पाणीच आपल्या दारी आले. दोन्हींमागे प्रश्न एकच आहे. पाणी कोणाच्या हद्दीत आणि त्यावर हात कोणाचा?

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गावात आम्ही एका जुन्या आरोग्य सेविकेला भेटलो. वय सत्तरीच्या पुढे, आपल्याच समाजाची. ओसरीवर बसवून तिने आधी पाणी दिले. मग बोलू लागली.

"दादा, सुरवातीला म्या पिशवी घेऊन निघाले की वरच्या आळीतल्या बाया म्हनायच्या, तिथंच थांब. लेकराला हात लावू द्यायच्या न्हाईत."

"मग आजी?" पत्नीने विचारले.

"मग काय बाई, एका घरची सून अडली. वरून पाऊस, वढ्याला पानी, गाडी येईना. सासू सवता कंदील घेऊन माज्या दारात आली. म्हनली, चल. त्या राती कुनी जात इचारली न्हाई. दोन्ही जीव सुखरूप सुटले. सकाळी सासूनं च्या दिला." ती थोडी थांबली आणि म्हणाली, "त्यांच्या घरातल्या कपात. मला निराळी बशी न्हाई काढली."

पत्नीने जुलाबाचे विचारले. आजी उठली आणि तांब्या-चमचा घेऊन आली. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. "आनि आदी आपुन चव घ्यायची. आसवापरीस खारट लागलं तर टाकून द्यायचं, पुन्यांदा करायचं. जुलाब थांबंस्तवर घोट घोट पाजायचं. अंगावरचं दूध तोडायचं न्हाई." पत्नी मान खाली घालून ऐकत होती. आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे ते लेकरू होते. एवढ्याशा गोष्टीसाठी गेले.

आता कोणी म्हणेल की, जामखेडात जात संपली. तसे मी लिहिणार नाही. याच तालुक्यातल्या खर्डा गावी 28 एप्रिल 2014 रोजी 17 वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा निर्घृण खून झाला. 2017 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. परतीच्या गाडीत मला सारखे तेच आठवत होते. ज्या तालुक्यात आपल्या आजीला घरच्या कपात चहा मिळाला, त्याच तालुक्यात ते घडले. आरोग्याच्या कामाने जातीची भिंत आपोआप पडत नाही. त्या भिंतीला एक दार पडते आणि दारातून ये-जा चालू ठेवावी लागते. ती थांबली की भिंत होती तशीच. म्हणून न्यायाची लढाई सोडून आरोग्याचे काम करायचे, असे नाही. दोन्ही करायचे.

घरी आल्यावर पौर्णिमेला विहारात बैठक घेतली. तथागतांची एक गोष्ट तिथे सांगितली. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या कामाचा नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. मग त्यांनी संघाला समजावले की, तुमची सेवा करायला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? ही गोष्ट विनयपिटकात आहे. आपण विहारात रोज वंदना म्हणतो, पण ही गोष्ट किती जणांना माहीत होती? मलाही उशिराच कळली.

बैठकीला आम्ही आशाताईंना आणि अंगणवाडीच्या बाईंना बोलावले होते. आशा सेविकांची योजना 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सुरू झाली, नंतर ती शहरातही आली. गावातलीच बाई निवडून शिकवायची, हा विचार तोच. फरक एवढा की, सरकार त्यांना स्वयंसेविका म्हणते आणि पगाराऐवजी मोबदल्यावर राबवते. 2023 च्या ऑक्टोबरात त्यांना त्यासाठी संप करावा लागला. आमच्या आशाताई म्हणाल्या, "मी दारोदार फिरते, पण एकटी किती पुरणार? तुम्ही कोणी बरोबर आलात तर बरे होईल."

मग कामे वाटली. महिला मंडळाच्या पाच जणी मीठ-साखरेचे पाणी करायला शिकल्या. ओ.आर.एस.ची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घेऊन विहारात ठेवल्या. मुलांनी टाक्या धुण्याचे आणि पाइप कुठे फुटला आहे ते पाहण्याचे काम घेतले. मला लिहिता येते, तेवढा माझा वाटा. एक वही केली. तारीख, घर, वय, किती दिवस जुलाब, पाणी कुठल्या नळाचे.

पहिली यादी मी केली ती विहाराच्या गल्लीपासून. पत्नीने ती वाचली आणि विचारले, "नाल्याकाठच्या झोपड्या कुठे आहेत?" तिथे बाहेरगावाहून आलेली मातंग आणि वडार कुटुंबे राहतात. ती आपल्या विहारात येत नाहीत, म्हणून ती मला आठवलीच नव्हती. ती म्हणाली, "मग जामखेडला जाऊन तुम्ही काय पाहिले? हापसा आपल्याच दारात बसवायचा असेल, तर आपण आणि पाटील सारखेच की."

मला उत्तर देता आले नाही. यादी फाडली आणि नाल्याकाठापासून पुन्हा केली. दोन महिन्यांत वहीत जुलाबाच्या सर्वांत जास्त नोंदी तिथल्याच निघाल्या. ती वही, आशाताईंची नोंद आणि सगळ्या गल्ल्यांच्या सह्या घेऊन आम्ही पालिकेत गेलो. नाल्याकाठच्या चार बायाही बरोबर होत्या. एकदा परत पाठवले, दुसऱ्यांदा बसवून ठेवले, तिसऱ्यांदा साहेब पाहायला आले. नाल्याकाठचा पाइप गटारातून वर काढला गेला. आमच्या गल्लीचा अजून तसाच आहे. त्यावर काही जण माझ्यावर रागावले आहेत. म्हणतात, फिरून फिरून तुम्ही पायाला भिंगरी लावली आणि पाणी दुसऱ्यांना दिले.

त्यांना मी एवढेच सांगतो की, नाल्याकाठच्या बाया आता आपल्या अर्जावर अंगठा द्यायला येतात. पुढच्या सोमवारी आपल्या गल्लीच्या पाइपासाठी जायचे आहे, तेव्हा त्याही येणार आहेत. आणि या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता आमचे दार वाजले. नाल्याकाठची एक बाई लेकराला खांद्यावर टाकून उभी होती. पत्नीने विहाराची किल्ली घेतली, पाकीट आणले, पाणी केले आणि तिने स्वतः आधी चव पाहिली. पहाटेपर्यंत दोघी चमच्याने पाजत बसल्या. उजाडल्यावर आशाताई आल्या आणि लेकराला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेल्या. ते लेकरू आज अंगणवाडीत जाते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, आशाताई आहेत, अंगणवाडी आहे. त्यांना एका सतरंजीवर बसवणारे माणूस तेवढे हवे. आणि काम सुरू करताना पहिला प्रश्न हाच विचारा की, आपल्या वस्तीत सर्वांत शेवटचे घर कोणते? तिथून सुरुवात करा.

जय भीम! नमो बुद्धाय!