गळ्यातला पट्टा

माझ्या बाळपणी आमच्या आळीत जो मोत्या होता, त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता आणि तो नसल्याचे कोणाला उणेही वाटत नसे. कारण तो जसा आमचा होता तसाच शेजारच्या कासारांचा होता, देवळातल्या गुरवाचा होता, आणि ज्याच्या दारी भाकरीचा तुकडा लवकर पडे त्याचा अंमळ अधिकच होता. अशा सामाईक वहिवाटीच्या प्राण्याला काही शिकवावे, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. मात्र तो कोणाला चावला, की तत्क्षणी तो कोणाचाच नसे.

पुढे नगरपालिकेने दवंडी पिटवली, की ज्यांनी कुत्री पाळली असतील त्यांनी फी भरून पितळी बिल्ला न्यावा, बाकीच्यांचा बंदोबस्त होईल; आणि तो बंदोबस्त विषाने होतो हे पोरासोरांनाही ठाऊक होते. अशी फर्माने आपल्याकडे नवी नव्हेत. 1832 साली मुंबईत बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम सुटला, बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले, आणि संतापलेल्या पारशी मंडळींनी शहराचा व्यवहार बंद पाडला. आमच्या गावात दंगा झाला नाही. वडिलांनी जुन्या चामडी दप्तराचा बंद कापून त्यात बिल्ला अडकवला आणि मोत्याला अभय मिळाले. परंतु त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक अपराधाची फिर्याद आमच्याच ओसरीवर रुजू होऊ लागली. त्याच वर्षी तो कासारांच्या धाकट्या मुलीला चावला. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या त्या काळच्या लशीच्या चौदा सुया पोटात टोचून घ्याव्या लागत. तालुक्याच्या इस्पितळात तिला रोज वडील स्वतः नेत, आणि परतताना दोघेही गप्प असत. पट्ट्याने कुत्र्याला माणसांपासून वाचवले होते. माणसांना कुत्र्यापासून वाचवणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते, हे मला त्या मुलीचा चेहरा पाहून उमगले.

मामलेदार कचेरीतली नोकरी आणि तिच्या बदल्या यांत मधली वर्षे कुत्र्याविना गेली. निवृत्तीनंतर, भर पावसात गटारातून काढलेले, खरजेने केस झडलेले आणि जंतांनी पोट फुगलेले एक पिल्लू, त्याची शुश्रूषा करणाऱ्या मुलीने माझ्या हवाली केले, तेव्हा कागदावर सही घेता घेता ती म्हणाली, "काका, कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. तुमच्यानंतर हिचं कोण?" जन्मभर इतरांच्या वारसनोंदी तपासलेल्या माझ्यापाशी उत्तर नव्हते. अखेर पुतण्याने जामीन म्हणून सही केली, आणि पिल्लू तांबू या नावाने माझ्या घरी आले.

पिल्लाचे मन साधारण तिसऱ्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत अपरिचिताला सहज स्वीकारते. पुढे त्याच अपरिचिताचे त्याला भय वाटते, आणि चावणारी कुत्री पुष्कळदा भित्री असतात. अडचण अशी, की लसी पुऱ्या होईतो त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. म्हणून तांबूला तान्ह्या मुलासारखी कडेवर घेऊन मी कुकरच्या शिट्ट्या, रिक्षांचे भोंगे, उघडणाऱ्या छत्र्या आणि शाळेतून सुटलेली पोरे दाखवत हिंडलो. घरात घाण केली तर वर्तमानपत्राची सुरळी करून मारावे, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. पण मागाहून दिलेल्या शिक्षेचा संबंध कुत्र्याला कळत नाही, म्हणून जेवण किंवा झोप झाली की तिला लगेच अंगणात नेणे आणि काम होताच कौतुक करणे हेच मी पत्करले. दुधाचे दात पडेपर्यंत आजोबांच्या खुर्चीचा एक पाया तिने फस्त केला, त्याविषयी तक्रार नाही. "शेकहँड" करणारी कुत्री पाहून लोक खूश होतात. मला ती निव्वळ करमणूक वाटते. जिन्यात कोणी समोर आले असता अंगावर न धावणे, हे शिक्षण.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी कुत्र्यांना भितात. त्यांची भीती घालवण्याच्या भरीस मी पडत नाही; तो त्यांचा हक्क आहे. त्या येताना दिसल्या की मी पट्टा आखडून धरतो, तांबू बसते, आणि वहिनी तिच्याकडे न पाहता पुढे जातात. पुतण्या आता दर रविवारी येऊन तिला फिरवतो. आपल्या हाती ती पट्टा ओढते, अशी त्याची तक्रार आहे. तिला तुझा हात अजून ओळखीचा नाही, असे सांगून मी त्याला बुधवारीही यायला बजावले आहे.