सर्व्हरचा नकार

वेब अ‍ॅप्लिकेशन तपासणाऱ्यांची एक ठरलेली रीत आहे. कमी अधिकाराच्या खात्यातून वरच्या अधिकाराची रिक्वेस्ट पाठवायची, सर्व्हरनं ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, दिला की ‘बरोबर’ अशी खूण करून पुढे सरकायचं. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ भाड्याच्या खोलीत बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची पोर्टलं तपासणारा एक टेस्टर वर्षानुवर्षं याच रितीनं चालला. चष्म्याचा नंबर वाढला तशी त्यानं इथल्याच इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली एक मुलगी हाताखाली घेतली. तिनं विचारलं, “सर, नाही म्हणाला ते ठीक. पण केलं नाही कशावरून?”

“नाही म्हणाला म्हणजे नाही केलं गो,” म्हणून त्यानं विषय संपवला.

ती गप्प बसली, पण सभासदाच्या खात्यात लॉगिन करून बघून आली. काम एका पतसंस्थेचं होतं, खाती चाचणीसाठी दिलेली. क्लार्कच्या खात्यातून दुसऱ्या शाखेतल्या सभासदाचा मोबाइल नंबर बदलायची रिक्वेस्ट गेली होती. उत्तर ४०३ आलं होतं आणि सभासदाच्या पानावर नवा नंबर दिसत होता. कोडमध्ये आधी सेव्ह, मग तपासणी. नकार खराच होता, फक्त उशिरा आला होता. ओटीपी ज्या नंबरवर जातो तोच असा बदलता येत असेल, तर पुढचं सांगायला नको.

तेव्हापासून नकार हा एकच विषय त्याच्या डोक्यात घोळतो. बर्प या टेस्टिंगच्या टूलमध्ये ऑटोराइझ नावाचं एक्स्टेन्शन असतं. प्रत्येक रिक्वेस्ट ते कमी अधिकाराच्या कुकीनं पुन्हा पाठवतं आणि उत्तरं ताडून बघतं. उत्तर सारखं आलं तर लाल, नकार आला तर हिरवं, कळलं नाही तर पिवळं. सगळे लाल ओळींवर तुटून पडतात. ही मुलगी हिरव्या ओळी उघडत बसते. आणि तिथंच घाण सापडते. रिक्वेस्ट खऱ्या पानावरूनच आली हे पटवणारं, एकदाच चालणारं सीएसआरएफ टोकन अ‍ॅडमिनच्या फेरीत खर्च झालेलं असतं, म्हणून क्लार्कच्या फेरीला ४०३ मिळतोच. तो नकार अधिकाराचा नाही, शिळ्या टोकनाचा आहे. डिलीटचंही तेच. अ‍ॅडमिननं रेकॉर्ड उडवलं, पाठोपाठ तीच रिक्वेस्ट क्लार्कच्या नावानं गेली. सर्व्हर म्हणतो, सापडत नाही. नकाराच्या खुणांत ‘सापडत नाही’ ही ओळ भरून ठेवली असेल तर एक्स्टेन्शन खुशाल हिरवं दाखवतं. क्लार्कला डिलीट करता येतं का, हे अजून कुणी सर्व्हरला विचारलेलंच नसतं. प्रत्येक डिलीटसाठी ताजं रेकॉर्ड, ताजं टोकन, आणि नंतर मालकाच्या खात्यातून खात्री. एवढं करायचं तर चार दिवसांचं काम दहा दिवसांवर जातं.

दुसरी पंचाईत अशी की एका दारावरचा नकार शेजारच्या दाराबद्दल काहीच सांगत नाही. इथं तो नेहमी सोलापूरच्या मयूर फरताडेचं उदाहरण देतो. २०२१ मध्ये या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं इन्स्टाग्राममध्ये असं भगदाड दाखवलं, की मीडिया आयडी ठाऊक असला तर फॉलो न करताच दुसऱ्याच्या खासगी किंवा अर्काइव्ह केलेल्या पोस्ट, स्टोरी, रीलची माहिती मिळत होती. अ‍ॅपमधून गेलं तर खासगी खातं काहीच दाखवत नसे. जाहिरातींच्या बाजूचा ग्राफक्यूएल एंडपॉइंट, म्हणजे सर्व्हरचं दुसरं दार, मात्र ‘हे कुणाचं?’ असं विचारतच नव्हता. फेसबुकनं ३०,००० डॉलर दिले, तेव्हाचे सुमारे २२ लाख रुपये. बातम्यांनी हा आकडा मथळ्यात घेतला. या टेस्टरनं मयूरच्या नोंदीतली २३ एप्रिल ही तारीख धरून ठेवली आहे. पहिली तक्रार १६ एप्रिलची. आठवड्यानं मयूरला तशीच माहिती देणारा दुसरा एंडपॉइंट सापडला. इतक्या मोठ्या कंपनीतही तपासणी एंडपॉइंटगणिक लिहिली जात होती, यावर तो तासभर बोलू शकतो. आणि बोलतोही.

तासाभरात धंद्यातल्या इतरांचाही उद्धार होतो. हल्ली बड्या फर्मचे लोक ग्राहकासमोर स्लाइड लावतात, ‘९४ टक्के अ‍ॅप्लिकेशनमध्ये अ‍ॅक्सेस कंट्रोल फुटलेला असतो.’ वेब सुरक्षेतल्या दोषांची यादी काढणाऱ्या ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत या दोषाचा नंबर पाचवरून पहिला झाला हे खरं. पण ९४ टक्के हा तपासलेल्या अ‍ॅप्लिकेशनचा आकडा. दोष सापडल्याचं सरासरी प्रमाण ३.८१ टक्के दिलंय. तपासलेलं आणि फुटलेलं यांतला फरक ज्यांना वाचता येत नाही, ते परवानग्यांचा तक्ता काय वाचणार, असा त्याचा सवाल. त्यात थोडी जळजळ आहे. त्या फर्मना मिळणारे पैसे त्याला मिळत नाहीत.

त्याच्या आवडीचा किस्सा मात्र वेगळा. २०१२ च्या मार्चमध्ये इगोर होमाकोव्ह या रशियन तरुणानं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पब्लिक की भरायच्या फॉर्ममध्ये नसलेलं यूजर आयडीचं फील्ड जोडून पाठवलं. सर्व्हरनं ते मुकाट घेतलं आणि त्याची की रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या प्रकल्पाच्या नावावर चढवली. त्यानं थेट मुख्य शाखेत कमिट केलं. आधी त्यानं हाच धोका रेल्सवाल्यांना सांगितला होता, कुणी मनावर घेतलं नाही. टेस्टरला असं काही सापडलं की रिपोर्टात तो बाणांची आकृती काढतो, भाषा घोळून घोळून लिहितो. मुलीचे शोध दोन ओळींत मावतात. सेव्ह आधी, तपासणी नंतर. त्या दोन ओळी जास्त घातक आहेत हे त्याला कळतं, तरी ग्राहकासमोर उघडायला आकृतीचंच पान बरं वाटतं.

परवानगीशिवायच्या पोर्टलवर हात टाकायचा नाही, हे त्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाची परवानगी विचारतं. परवानगीशिवायचं तेच काम अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. हेतू प्रामाणिक होता की नाही हे कोर्टात ठरणार, आणि रत्नागिरीच्या कोर्टातल्या तारखा कशा पडतात हे त्याच्या घराण्याला जमिनीच्या दाव्यावरून पुरतं ठाऊक आहे.

आता त्याच्या दरपत्रकात ‘नकारांची फेरतपासणी’ अशी वेगळी ओळ असते. ग्राहक बहुतेकदा तीच आधी कापायला सांगतात. मग तो इतरत्र सूट देतो, ती ओळ ठेवतो. ती कुणामुळे आली हे विचारलं तर म्हणतो, “आमची पद्धत आहे.”