फिरकीचा तांब्या

आजीचा फिरकीचा तांब्या आता माझ्याकडे आहे. पितळी, आतून कल्हई केलेला, गळ्याशी एक पोचा पडलेला. त्या पोच्यामुळे झाकणाचे आटे सरळ बसत नाहीत. आधी झाकण जरासं उलट फिरवायचं, 'टक्' असा बारीक आवाज आला की अंगठ्यानं दाबून सुलट. मग प्रवासभर थेंब सांडत नाही.

पोचा माझ्यामुळे पडला. आजोळहून परतताना आईनं मला मिरजेच्या फलाटावर नळाला पिटाळलं होतं. शिट्टी झाली, मी धावले, तांब्या निसटला. त्याचा ठणठणाट, फरशीवरचा पाण्याचा ओघळ, खिडकीतून बाहेर आलेला आईचा हात, सगळं लख्ख आठवतं.

दिवाळीत ताईला हे सांगितलं, तर ती बघतच राहिली. "अगं, तू कडेवर होतीस तेव्हा! तांब्या माझ्या हातून पडला. आणि फलाटावर नाही, डब्याच्या दारात."

मी मानसशास्त्र शिकवते. केंब्रिजच्या बार्टलेटनं उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक गोष्ट इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि काही काळानं आठवून लिहायला लावली. त्यांच्या लिहिण्यात सील प्राण्यांची शिकार नुसती मासेमारी झाली, आणि अनोळखी तपशील गळून पडले. १९३२च्या पुस्तकात त्यानं मांडलं की आठवण साठवणीतून जशीच्या तशी निघत नाही, ती दर वेळी नव्यानं रचली जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून वेगाबद्दल विचारलं. काहींना गाड्या 'धडकल्या तेव्हा' असं, काहींना 'आदळून चुरा झाल्या तेव्हा' असं. आठवड्यानं विचारलं, काच फुटलेली दिसली का? फुटलेली काच चित्रफितीत नव्हतीच. तरी 'चुरा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी ७.

हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. स्वतःच्या घरातल्या पितळेला ते लागू होईल, असं कधी मनात आलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. मग आठवलं, आई पाहुण्यांना ही गोष्ट सांगायची तेव्हा "पोरीच्या हातून पडला" एवढंच म्हणायची. कुठली पोर, ते नाही. त्या रिकाम्या जागेत मी जाऊन बसले असेन. की ताई? आईला विचारायची सोय आता उरलेली नाही. खिडकीतला तो हात मात्र मला सोडवत नाही. तो खोटा असेल तर आईचा एक हात मी गमावला.

वर्गात मी हेन्री मोलेसनबद्दलही सांगते. १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना त्याच्या लक्षात राहणं थांबलं. ब्रेंडा मिलनरनं त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सराईत झाला, पण आपण हे आधी केलंय, हे त्याला आठवत नसे.

ताई परत निघाली तेव्हा मी तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला. लग्न होऊन गेल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता. ती रिक्षावाल्याशी फोनवर बोलत होती, नजर दाराकडे. झाकण तिनं ठेवलं, जरासं उलट फिरवलं.

टक्.