स्विचमध्ये कोण बसलंय?

०२४८२ लावून कोणी जालन्याला फोन केला, की ज्या स्विचमधून आवाज जातो त्याच्याच डिस्कवर त्या कॉलची नोंद पडते. कोणी, कोणाला, कधी, किती वेळ. आम्ही एक्स्चेंजमधली माणसं तिला सीडीआर म्हणतो. मोंढ्यातल्या आडत्याचं बिल तिच्यावरूनच निघतं, आणि कोणाच्या घरी रात्री किती वाजता फोन येतात हेही तिच्यातच असतं. या नोंदींची फाइल बिलिंगच्या सर्व्हरकडे न्यायचं काम वर्षानुवर्षं एफटीपी हा फाइल पाठवायचा प्रोटोकॉल करत आला. त्याचा पहिला मसुदा १९७१ साली एमआयटीत अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरचे. त्या काळी नेटवर्कवर सगळी ओळखीचीच मंडळी. पासवर्ड वायरवर उघडाच जायचा. साध्या एफटीपीत तो अजूनही तसाच जातो.

नवीन जेटीओ, म्हणजे कनिष्ठ दूरसंचार अधिकारी, हॅकरला घाबरतो. माझ्या अनुभवात जास्त छळ केला तो लटकलेल्या सेशनांनी. रस्त्याच्या कामात जेसीबी ऑप्टिकल फायबर तोडते. पलीकडचा सर्व्हर गायब होतो, पण ‘मी निघालो’ हा निरोप स्विचपर्यंत पोचतच नाही. स्विचच्या लेखी तो आतच बसलेला. लाइन सुरू झाली की सर्व्हर पुन्हा लॉगिन करतो, परत तुटली की परत करतो. स्विच एका वेळी मोजकीच सेशनं घेतो. ती भरली की ४२१ उत्तर देऊन दार बंद! डिस्क भरायची मात्र थांबत नाही. सीडीआरची फाइल गोल फिरते. वेळेत उचलली नाही तर जुन्या नोंदींवर नव्या चढतात, आणि तेवढे कॉल फुकट.

म्हणून निष्क्रिय सेशन तोडायची मुदत ठरवून ठेवायची. हाताने तोडायचं असेल तर आधी बघायचं: युजर कोण, कुठल्या पत्त्यावरून आला, फाइलचे बाइट वाढतायत का. वाढत असतील तर हात लावू नये, मग साहेबांचे कितीही फोन येवोत.

युजर बनवताना मी कंजूष आहे. बिलिंगच्या युजरला एकच डिरेक्टरी, तीही फक्त वाचायला. ट्रान्सफर बायनरीतच. मजकूर म्हणून पाठवली तर ओळ संपल्याच्या खुणा बदलतात आणि फोन नंबरांची खिचडी होते. बॅकअपचा युजर वेगळा. स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचा युजर काम संपताच बंद.

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार जणांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुठल्याही खात्यात इतकी माणसं एकदम गेली, की पहिलं काम युजरांची यादी काढायचं. ज्याचा मालक कोणालाच सांगता येत नाही, तो युजर लगेच डिलीट करू नये. लॉक करून महिनाभर थांबावं. बिलाचा महिना उलटेपर्यंत कोणी ओरडलं नाही, तर मग खुशाल काढावा.