किरपाल सिंगचा राग कुठे गेला?

'द इंग्लिश पेशंट' लोकांना आठवतो तो वाळवंटातल्या प्रेमासाठी. १९९६ च्या या सिनेमाला ९ ऑस्कर मिळाले. मायकल ओन्डाटजेची मूळ कादंबरी १९९२ ची. ती मी सिनेमानंतर बऱ्याच वर्षांनी वाचली, आणि त्यातलं दुसरं प्रेम किती कापलंय ते दिसलं.

दुसरं महायुद्ध संपत आलंय. इटलीतल्या पडक्या व्हिलात हाना ही कॅनेडियन नर्स एका भाजलेल्या रुग्णाची सेवा करते. तिथे येतो किरपाल सिंग, ब्रिटिश सैन्यातला शीख जवान. जर्मनांनी पेरलेले सुरुंग निकामी करणं हे त्याचं काम. साहेबांनी त्याला 'किप' हे टोपणनाव चिकटवलेलं. दोघं प्रेमात पडतात.

कादंबरीत ऑगस्ट १९४५ मध्ये तो रेडिओवर हिरोशिमाची बातमी ऐकतो. बंदूक घेऊन थेट रुग्णाच्या खाटेसमोर उभा राहतो. गोऱ्यांच्या देशावर हा बॉम्ब टाकला नसता, हे कादंबरी आडपडदा न ठेवता सांगते. ज्यांच्यासाठी रोज जीव धोक्यात घातला, ते कोण आहेत हे त्याला कळतं आणि तो मोटरसायकलवरून निघून जातो.

सिनेमात हिरोशिमाच नाही! सहकारी हार्डी स्फोटात मरतो, पुढे बदली होते, किप जातो. आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात सिनेमा दाखवला तेव्हा एका मुलीने विचारलं, "दादा, एवढं प्रेम होतं तर बदलीने कसं काय संपलं?" तिला उत्तर द्यायला मला कादंबरीच काढावी लागली.

मित्रांनो, सिनेमाला वेळ कमी पडतो हे कारण मला पटत नाही. अडीच तासांहून मोठा सिनेमा आहे. तोफेवरून किप रुग्णाशी वाद घालतो तेवढा प्रसंग दिग्दर्शक मिंगेलाने ठेवलाय, म्हणजे साम्राज्याचं भान त्याला होतं. पण तेवढंच. उलट तो रुग्ण, अल्माशी, प्रेयसीपर्यंत पोहोचण्यासाठी जर्मनांना नकाशे देतो. त्याची किंमत अंगठे कापलेला काराव्हाज्जो मोजतो. तरी आपण रडतो अल्माशीसाठीच. एकाच्या प्रेमाला गद्दारीसुद्धा माफ, आणि दुसऱ्याच्या प्रेमात राग आला की तो प्रसंगच गाळायचा.

त्याच इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठी जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तर तिथेच पडले. पराक्रमाला पदक होतं, प्रश्नाला जागा नव्हती. "प्रेमात जात कशाला आणता?" हे आपल्या पोरापोरींना ऐकवणारेही हेच करतात. जात आधीच तिथे बसलेली असते, आपण फक्त तिचं नाव घेतो.

कादंबरीच्या शेवटी किरपाल भारतात डॉक्टर आहे. बायको-मुलांसोबत जेवायला बसलेला असताना त्याला हाना आठवते. तो तिला विसरलेला नाही, हिरोशिमाही नाही.