सेगमेंटेशन फॉल्ट आणि खोडरबर

जुन्या कॉम्प्युटरबद्दल सगळ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. "जुना झालाय हो." प्रोग्राम चालत नाही? जुना झालाय. मध्येच बंद पडतो? जुना झालाय. अरे, हे वय झालं, निदान कुठाय?

आमच्या घरचा कॉम्प्युटर २००८ सालचा. कोअर टू ड्युओ, १ जीबीच्या दोन रॅम. गावातल्या दुकानदारानं "मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या" असं सांगून टाकलं. बाबा तयारही झाले. पण त्यात गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा २००९ पासूनचा हिशोब आहे, तोही काळ्या खिडकीत चालणाऱ्या एका प्रोग्राममध्ये, ज्याचा सोर्स आता कुणाकडेच नाही. म्हटलं, थांबा, शनिवारी येतो.

पहिली एरर मजेशीर. प्रोग्राम चालवला की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. आणि 'एलएस' केलं तर फाइल समोर दिसतेय! ही एरर भल्याभल्यांना चकवते. जी फाइल सापडत नाही ती आपला प्रोग्राम नसतोच, तो सुरू करून देणारा लोडर असतो. प्रोग्राम ३२ बिटचा, आणि मशीनवर आता ६४ बिटचं डेबियन १२. 'फाइल' नावाची कमांड चालवली की ती लोडरचं नाव स्वच्छ सांगते. ३२ बिटच्या लायब्ररी टाकल्या, प्रोग्राम उठला. हिशोब दिसला. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण हे असं किती वर्षं चालवणार? म्हणून डेटा स्प्रेडशीटमध्ये काढायला एक तयार, छोटा प्रोग्राम उतरवला. तर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. (बाबा: "इल्लीगल म्हणजे? आपण काही चोरीचं वापरतोय का?") नाही हो. हल्ली बरेच तयार प्रोग्राम नव्या प्रोसेसरसाठीच बांधलेले असतात. एव्हीएक्स नावाच्या सूचना इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आल्या २०११ साली. आमच्या मशीनला त्या भाषेतला शब्दच माहीत नाही, मग ते तिथेच हात वर करतं. २०२२ च्या रेड हॅट ९ नं तर इतक्या जुन्या प्रोसेसरना सरळ दारच बंद केलं. डेबियन १२ मात्र ६४ बिटच्या पहिल्या पिढीलाही अजून चालतं. यात बिघाड कसलाच नाही. सोर्स घ्यायचा आणि त्याच मशीनवर कंपाइल करायचा, झालं.

झालं कुठलं! 'मेक' चालवलं, आणि अर्ध्यात कंपायलरच कोसळला. सेगमेंटेशन फॉल्ट. पुन्हा तीच कमांड दिली. या वेळी ती फाइल बिनबोभाट पार झाली आणि पुढच्याच कुठल्यातरी फाइलवर कोसळला. तिसऱ्यांदा तिसरीकडे.

इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. कारण काही न बदलता तीच कमांड दिली आणि एरर दर वेळी त्याच जागी आली, तर प्रोग्रामवर संशय घ्यावा. एरर जागा बदलत फिरायला लागली, तर हार्डवेअरवर, आणि त्यातही आधी रॅमवर. कंपायलर मेमरी भरपूर ढवळतो, त्यामुळे एखादा बिट उलटला की पहिला बळी तोच जातो.

रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी चुकांचा आकडा भरलेला. प्लग काढून दोन्ही रॅम बाहेर काढल्या, सोनेरी दाते खोडरबरानं पुसले (हसू नका, आपल्याकडे निम्मे कॉम्प्युटर असेच दुरुस्त होतात) आणि एकेक लावून तपासली. एक स्वच्छ निघाली. दुसरीत खोडरबरानंतरही चुका तशाच, म्हणजे चिपच गेलेली. ती काढून टाकली. मदरबोर्ड ठणठणीत आहे.

उरलेल्या १ जीबीवर ब्राउझर रखडतो, हे मान्य. पण कंपाइल एका दमात पार पडलं आणि रविवारी दुपारपर्यंत सगळा हिशोब स्प्रेडशीटमध्ये आला. बाबांनी लगेच तो नावानुसार लावायला सांगितला. समोरच्या बंगल्यातल्या काकांनी २०११ पासून वर्गणीच दिलेली नाही म्हणे!